कटिंगचं वाण

प्रेसवाल्या काकांना सप्रेम नमस्कार,

तुमचं नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. अंबाजोगाईत ज्यांनी तुमच्याकडून लग्नपत्रिका छापून घेतल्या, ते ओळखतीलच. पण आभार मला उघडच मानायचे आहेत. लेकरांच्या आईबापांनी ते फोनवर मानले, तेव्हा तुम्ही ‘हॅलो, आवाज येईना’ म्हणत फोन ठेवलात. कागदावरचं तरी वाचाल.

आमच्या वस्तीशाळेत २३ लेकरं. दिवाळी झाली की त्यातल्या १४ जणांचे आईबाप ऊसतोडीला जातात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी पार कर्नाटकात. बीड जिल्ह्यात हे कुणाला नव्यानं सांगायला नको. लेकरं आजी-आजोबांजवळ राहतात आणि गाळप संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, माय दिसते ती मोबाईलमध्ये. डिसेंबरात तिसरीतल्या एका मुलीनं मला विचारलं, “बाई, संक्रांतीला तिकडं फडात मायला वाण कोण देणार?”

मग आम्हीच वाण करायचं ठरवलं. विकत आणायला पैसे नव्हते आणि बाजारातल्या प्लास्टिकच्या वाट्या-चाळण्या पाठवायला माझं मन घेईना. लेकरांनी घराघरांतून सुकलेले स्केचपेन, खडूंचे तुकडे, जुन्या कॅलेंडरची पानं, अगरबत्तीचे डबे, मागच्या वर्षीच्या वह्यांची कोरी पानं असं सगळं गोळा केलं. तिळगुळाच्या डब्या करायला बसलो. कॅलेंडरचा गुळगुळीत कागद घडीवर फाटायचा, डिंक सुटायचा, संध्याकाळपर्यंत डबी उलून बसायची. चार दिवसांत एकही धड झाली नाही. एका पोरानं आपली डबी रागानं चुरगाळली, तेव्हा मी तीच पिशवीत टाकली आणि स्वस्तात कार्डशीट मिळतात का ते बघायला तुमच्याकडं आले.

तुम्ही कार्डशीटचं काही बोललाच नाहीत. ती चुरगाळलेली डबी हातात घेऊन उलटीसुलटी बघितलीत आणि विचारलंत, “बाई, घडी कुठल्या अंगानं घातली?”

कागदाला अंग असतं हे मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळलं. तुम्ही एक पट्टी घेतलीत, एका बाजूनं ओलं बोट फिरवलंत, आणि पट्टी आपोआप वळून तिची नळी झाली. “नळी ज्या दिशेनं लांब, ती कागदाची नस. मशीनवर कागद पळत तयार होतो, म्हणून तंतू एका दिशेला झोपतात. नसेच्या अंगानं घडी घाला, मुकाट बसते. आडवी घातली की तडकते.” खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात जुन्या सुती कापडाचा लगदा करून हातानं कागद करतात, त्याला अशी एक नस नसते, कारण चाळणी हलवताना तंतू चारी दिशांना बसतात, हेही तेव्हाच सांगितलंत. दुसऱ्या दिवशी २३ लेकरं २३ पट्ट्यांवर ओली बोटं फिरवत बसली होती. विज्ञानाचा इतका चांगला तास मी आजवर घेतलेला नाही.

मग तुम्ही कटिंग मशीनखालून पोतं ओढलंत. लग्नपत्रिकांच्या कडा होत्या त्यात, जाड, केशरी, मोरपंखी, काहींवर सोनेरी वेल. मी विचारलं, हे टाकून देता का? तुम्ही म्हणालात, “टाकून कशाला? कटिंग आहे ते.”

काका, हा एक शब्द मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आम्ही शिक्षक ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणत आलो आणि लेकरांच्या हातात आधी ‘टाकाऊ’च दिलं. ज्यांना नव्या वस्तू क्वचितच मिळतात, त्या लेकरांना तो शब्द लागतो. तुम्ही शाळेत तीन वेळा आलात, पौषात माघातल्या पत्रिकांची घाई असताना प्रेस अर्धा दिवस बंद ठेवून आलात, पण तो शब्द तुमच्या तोंडून एकदाही निघाला नाही. कटिंग, तुकडा, शिल्लक, एवढंच. ‘शिल्लक’ म्हणताना तर जणू बँकेतलीच.

तुमची शिकवण्याची रीत लिहून ठेवते, दुसऱ्या शाळांना उपयोगी पडेल. घडी घालण्याआधी पट्टी धरून चमच्याच्या दांड्यानं दाबून रेघ ओढायची, मग घडी. चकचकीत पत्रिकेवर प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तिथं खळ धरत नाही, म्हणून जिथं चिकटवायचं तेवढंच काचकागदानं खरवडायचं. खळ मैद्याची. बाइंडर त्यात मोरचूद घालतात, कसर लागू नये म्हणून, पण लेकरं बोटं तोंडात घालतात म्हणून तुम्ही तो घातला नाहीत आणि मला रोज ताजी खळ शिजवायला लावलीत. सुकलेल्या स्केचपेनच्या कांड्या औषधाच्या बाटल्यांत पाण्यात बुडवून रंग काढले. मेणखडूंचे तुकडे मी गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीत वितळवले आणि ओले हात लावलेल्या चमच्यांत थंड केले, त्याचे नवे जाड खडू झाले.

डब्या आता अशा झाल्या की उलायचं नाव नाही. पण पाचवीतली एक मुलगी म्हणाली, “बापाला डबी काय करायची?” तिनं बापासाठी वही करायची ठरवली, हिशोबाची. तारीख, फड, गाडी, टन, असे चार रकाने तिनं स्वतः आखले. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यानं किती तोडलं याचा आकडा मुकादमाच्या वहीत असतो. आपल्याकडंही असावा, असं तिला वाटलं. दहा-अकरा वर्षांची मुलगी ती. तुम्ही क्षणभर काहीच बोलला नाहीत. मग दाभण काढून मधोमध तीन भोकं पाडायला शिकवलंत, दोरा मधल्या भोकातून सुरू करून गाठ पुन्हा मधल्याच भोकापाशी. फडावरच्या कोप्यांत, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांत, पहाटे दव असतं म्हणून पुठ्ठ्यावर मेणबत्ती घासून वरून कोमट इस्त्री फिरवलीत.

पुठ्ठे संपले तेव्हा एका पोरानं आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणला आणि घाबरत विचारलं, हे चालंल का? तुम्ही त्याला दासोपंतांच्या पासोडीची गोष्ट सांगितलीत. आपल्याच गावात एका संतानं अंगावर घ्यायच्या कापडावर ग्रंथ लिहिला, सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद. “त्यांना कापड चाललं, आपल्याला का नाही?” दुसऱ्या दिवशी शाळेत सात लुगड्यांचे तुकडे आले. हिरव्या इरकलीच्या काठाची वही अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आणि ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं जुनं छपाईचं मशीन. कित्येक वर्षं झाकून ठेवलेलं ते मशीन तुम्ही तेल घालून चालू केलंत. छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांत शिसं असतं म्हणून लेकरांना हात लावू दिला नाहीत. स्वतः उलटी अक्षरं जुळवलीत आणि प्रत्येक वाणावर चिकटवायला नावाची चिठ्ठी छापलीत. नाव लेकराचं नाही, आईचं आणि बापाचं. दुसरीतल्या एकाला आईचं नावच सांगता येईना. तो ‘माय’ एवढंच म्हणत राहिला. तुम्ही मशीन थांबवून थांबलात. त्यानं फोन करून आजीला विचारलं, आणि छापलेलं नाव ओलं असतानाच त्यानं मोठ्यानं वाचलं. दोनदा वाचलं. मी तेव्हा बाहेर गेले होते ते पाणी आणायला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

फडातल्या कोपीला पत्ता नसतो. पोस्टानं काही जाणार नव्हतं. तुम्ही दोन खोकी भरलीत, प्रत्येक पुड्यावर कारखाना, मुकादम आणि टोळी लिहिलीत, आणि तिकडं निघालेल्या ट्रकच्या ड्रायव्हरला स्वतः भेटून ती खोकी केबिनमध्ये ठेवायला लावलीत, हौद्यात नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, १३ जानेवारीला, पहिला व्हिडिओ कॉल आला. पाचटाच्या कोपीत बसून एक माय तिळगुळाची केशरी डबी कॅमेऱ्यासमोर धरून होती. बोलली काहीच नाही.

आता सगळे परत आलेत. ती हिशोबाची वहीही आली. कडा काळ्या पडल्यात, दोरा मात्र ढिला झालेला नाही. वही हाती पडण्याआधीचे मागचे आकडेही बापानं आठवून आठवून भरलेत. मुकादमाशी हिशोब करताना दोन गाड्यांचा मेळ बसेना, तेव्हा त्यानं ही वही काढून पुढं ठेवली आणि आकडा दुरुस्त झाला. हे त्यानं मला शाळेच्या दारात उभं राहून सांगितलं, लेक शेजारी असताना.

यंदा ऊसतोडीला निघतानाच प्रत्येकाला वही सोबत द्यायची, असं लेकरांनी ठरवलंय. त्या मुलीला ‘उचल’ (मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे) असा पाचवा रकाना वाढवायचा आहे, म्हणजे पान थोडं रुंद लागेल. पोतं कुणाला देऊ नका काका, मी रविवारी एसटीनं येते.

तुमची,
वस्तीशाळेच्या बाई