पार्किंग बदलण्याआधी समोरासमोर ऐका

पुण्याच्या पेठांमध्ये एकेरी वाहतूक, सम-विषम तारखांचे पार्किंग असे बदल आधी प्रायोगिक म्हणून येतात आणि हरकती लेखी मागवल्या जातात. पण अर्जात सगळे मावत नाही. जुन्या वाड्यांत गाडी लावायला जागाच नसते. रिक्षा दारापर्यंत आली नाही, तर गुडघे दुखणाऱ्या आजींनी दवाखान्यात कसे जायचे? दुकानदाराने टेम्पो कुठे रिकामा करायचा? नकाशावर हे दिसत नाही. विकास आराखड्यावर हरकत घेणाऱ्याला १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार प्रत्यक्ष सुनावणी मिळते. मग रोजच्या रस्त्यासाठी का नको? महापालिका आणि वाहतूक पोलिसांनी मिळून, संध्याकाळच्या वेळी, पेठेतल्याच एखाद्या शाळेत जाहीर सुनावणी घ्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक रहिवासी, सदाशिव पेठ, पुणे