वहिनीच्या गोळीबद्दल

ती. आई-बाबांस, शि. सा. न.

आई, वहिनीचं बीपी नॉर्मल असताना गरोदरपणाच्या तेराव्या आठवड्यात ॲस्पिरिन कशाला, असं तू विचारलंस. ती गोळी बीपीची नाही, वारेसाठी, म्हणजे प्लासेंटासाठी आहे.

गर्भ पाच दिवसांचा होतो तेव्हाच त्याच्या पेशींची वाटणी झालेली असते. आतल्या पुंजक्याचं बाळ होतं. बाहेरचा थर, ट्रोफोब्लास्ट, वार बनवायला लागतो. दिवस गेलेत का हे बघायच्या लघवीच्या तपासणीत सापडतं ते एचसीजी हे संप्रेरक याच थरातून येतं.

यातल्या काही पेशी गर्भाशयाच्या अस्तरात खोल शिरून आईच्या नागमोडी धमन्या गाठतात. बाबा, अरुंद चारी फोडून रुंद करावी, तसं त्या धमन्यांचा स्नायूंचा थर काढून टाकतात. मग धमनी आवळत नाही. रक्त संथ आणि भरपूर येतं. पहिले दहा-बारा आठवडे मात्र याच पेशी धमन्यांच्या तोंडाशी बुचासारख्या बसतात, कारण कोवळ्या गर्भाला जास्त ऑक्सिजन सोसत नाही. सोबतीला अस्तरातल्या नॅचरल किलर पेशी, म्हणजे आईच्याच रोगप्रतिकारक पेशी. नाव मारेकऱ्याचं, काम गवंड्याचं! सुरुवातीला अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे 70 टक्के त्याच असतात.

हे काम विसाव्या आठवड्याच्या आसपास उरकतं. अर्धवट राहिलं तर वारेला रक्त कमी पडतं, बाळ वाढत नाही, आणि वार जी द्रव्यं सोडते त्यांनी आईच्या सगळ्या रक्तवाहिन्या बिघडतात. मग बीपी 140/90 च्या वर, लघवीत प्रथिनं. वहिनीला पहिल्या खेपेला हेच झालं होतं. चारी खोदून झाल्यावर गोळीचा उपयोग कमी, म्हणून ती सोळा आठवड्यांच्या आत सुरू करतात. बहुधा 75 ते 150 मिलिग्रॅम, रात्री, छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत. हमखास नाही, पण धोका कमी होतो. मनानं बंद करू नका.

उलटंही होतं. सीझरच्या वणावर अस्तर नीट नसतं. तिथं पेशी फारच खोल जातात आणि बाळंतपणात वार सुटत नाही. वहिनीचं पहिलं सीझर आहे, तेव्हा सोनोग्राफीत वार वणावर आहे का, हे विचाराच.

आई, अळणी भाकरीनं हे टळत नाही, तिला नेहमीसारखं मीठ दे. बीपी पाच मिनिटं बसवून, दंड छातीच्या उंचीवर ठेवून मोजा. जोराचं डोकं दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी, उजव्या बरगडीखाली कळ, किंवा 160/110: सकाळची वाट न बघता 108 लावून परभणीला सरकारी दवाखान्यात न्या.

तुमची,
ताई