खड्ड्यांची बातमी आणि एक गाणे

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत गिटार हाती घेऊन स्वतःची गाणी स्वतः रचणाऱ्या तरुण जोड्यांविषयी आलेला लेख वाचला. विषय चांगला आहे आणि त्यात ‘बीटल्स’ या गाजलेल्या इंग्लिश वाद्यवृंदातील, लिव्हरपूलच्या जॉन लेनन व पॉल मॅकार्टनी या जोडीचा दाखला येणे स्वाभाविकच होते. मात्र त्यांच्या गाण्यांमागील प्रेरणा सांगताना लेखकाने अमली पदार्थ, हृषीकेशचे अध्यात्म आणि प्रेमप्रकरणे एवढ्यावरच सारी भिस्त ठेवली आहे, हे पटले नाही. या दोघांच्या कितीतरी गाण्यांची सामग्री रोजच्या वर्तमानपत्रातून, बसच्या थांब्यावरून आणि जुन्या जाहिरातींतून आलेली आहे. ती बाजू वर्तमानपत्रानेच वगळावी, हे तर विशेष खटकले.

ही जोडी जुळली ती ६ जुलै १९५७ रोजी, लिव्हरपूलच्या वूल्टन भागातील सेंट पीटर्स चर्चच्या जत्रेत. लेनन सोळा वर्षांचा होता आणि मॅकार्टनीला नुकतेच पंधरावे संपून सोळावे लागले होते. लेननला त्याच्या आईने बॅन्जोच्या कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे स्वरसमूह, शिकवल्या होत्या आणि गिटारवरही तो त्याच धरत असे. मॅकार्टनीला गिटार नीट सुरात लावता येत होती, आणि त्या दिवशी चर्चच्या सभागृहात त्याची छाप पडली ती प्रामुख्याने यामुळे. पुढे दोघेही शिकवणीच्या वेळा चुकवून, मॅकार्टनीचे वडील कामावर गेलेले असताना, फोर्थलिन रोडवरील २० क्रमांकाच्या घरात समोरासमोर बसत. मॅकार्टनी डावखुरा असल्याने समोरच्याने धरलेली कॉर्ड प्रत्येकाला आरशात पाहावी तशी दिसे आणि तिची नक्कल करणे सोपे जाई. शाळेच्या वहीत गाणे उतरवताना पानाच्या डोक्यावर ‘लेनन-मॅकार्टनी यांची आणखी एक मूळ रचना’ असे लिहिण्याइतकी ऐट तेव्हापासूनच होती. एक कॉर्ड माहीत असलेला मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो, एवढे कळल्यावर ती शिकायला ते बसने तिथपर्यंत गेले होते. प्रेरणेविषयी लिहिताना ही मेहनत बहुतेक लेखांत गाळलेली असते.

आता वर्तमानपत्रांचा भाग, ज्यासाठी हे पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे. २८ फेब्रुवारी १९६३ रोजी यॉर्कहून श्रूजबरीकडे जाणाऱ्या बसमध्ये दोघांनी ‘फ्रॉम मी टू यू’ हे गाणे रचले. त्याचे शीर्षक सुचले ते ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकातील वाचकांच्या पत्रांच्या सदरावरून, कारण त्या सदराचे नाव ‘फ्रॉम यू टू अस’ असे होते. पुढे हे गाणे इंग्लंडच्या विक्रीयादीत अव्वल ठरले. वाचकांच्या पत्रव्यवहाराला एवढा मान क्वचितच मिळाला असेल. तीन वर्षांनी आलेले ‘पेपरबॅक रायटर’ तर सबंध गाणेच प्रकाशकाला लिहिलेल्या पत्राच्या घाटाचे आहे.

याहून नवलाची हकीकत १७ जानेवारी १९६७ च्या ‘डेली मेल’ची आहे. तो अंक लेननने पियानोवर समोर उभा करून ठेवला होता. गिनेस मद्यसम्राटांच्या घराण्यातील टारा ब्राउन हा एकवीस वर्षांचा तरुण आदल्या महिन्यात मोटार अपघातात गेला होता आणि त्याच्या संदर्भातील बातमी त्या अंकात होती. त्याच अंकात कोपऱ्यात एक लहानसा मजकूर होता: लँकेशायर परगण्यातील ब्लॅकबर्न शहराच्या रस्त्यांवर नगरपालिकेच्या पाहणीनुसार ४,००० खड्डे आहेत, म्हणजे दर माणशी एक-सव्विसांश खड्डा. कुणा उपसंपादकाने गंमत म्हणून केलेला तो भागाकार असावा. या दोन्ही बातम्या ‘अ डे इन द लाइफ’ या गाण्यात आल्या. खड्ड्यांची मोजणी आणि लंडनचे अल्बर्ट हॉल हे संगीतसभागृह यांना जोडणारे क्रियापद लेननला सापडत नव्हते, ते, म्हणजे ‘भरणे’, टेरी डोरन नावाच्या मित्राने सुचवले.

येथे थोडे थांबावेसे वाटते. खड्डे म्हटले की आपल्याकडे तक्रार येते, नाहीतर विडंबन येते. २०१७ मध्ये मुंबईच्या खड्ड्यांवर एका रेडिओ निवेदिकेने केलेले विडंबनगीत किती गाजले, हे वाचकांना आठवत असेल. ते आपल्या जागी झकासच होते. परंतु लेननने नगरपालिकेला बोल लावला नाही. एका तरुणाचा मृत्यू आणि खड्ड्यांचा तो निरर्थक आकडा त्याने एकाच सुरात, एकाच थंडपणाने गायला आहे आणि सकाळचा पेपर चाळताना आपले मन ज्या निर्विकारपणे एका बातमीवरून दुसरीवर उडी मारते, तीच त्या गाण्याची जातकुळी झाली आहे.

या गाण्यात जोडीचे काम कसे चाले तेही दिसते. लेननकडे सुरुवात आणि शेवट होता, मध्ये काही नव्हते. मॅकार्टनीकडे सकाळी उठून, घाईने आवरून, बस गाठणाऱ्या माणसाचा एक सुटा तुकडा पडून होता, शाळेच्या दिवसांतल्या आठवणींचा. तो मध्ये बसवला. दोन तुकड्यांमधील चोवीस मात्रावर्तने रिकामी ठेवून त्यांचा सहायक मॅल इव्हान्स मोठ्याने आकडे मोजत होता आणि शेवटी त्याने गजराचे घड्याळ वाजवले. पुढे १० फेब्रुवारी १९६७ रोजी चाळीस वादकांना बोलावून प्रत्येकाने आपल्या वाद्याच्या सर्वांत खालच्या स्वरापासून वरच्या टोकापर्यंत चढत जायचे, अशी सूचना देऊन ती जागा भरली. घड्याळाचा गजर मात्र तसाच राहिला, कारण पुढच्याच ओळीत माणूस झोपेतून उठतो. बीबीसीने मात्र अमली पदार्थांचा उल्लेख असल्याचे कारण देऊन या गाण्याच्या प्रसारणावर बंदी घातली.

त्याच वर्षीच्या २७ फेब्रुवारीच्या ‘डेली मिरर’मध्ये घर सोडून गेलेल्या सतरा वर्षांच्या मुलीची बातमी होती. मॅकार्टनीने तिच्यावर ‘शीज लीव्हिंग होम’ रचले. त्यात आईवडिलांच्या तोंडचे जे उद्गार आहेत ते लेननने घातले, आणि ते त्याला सांभाळणाऱ्या मिमी मावशीच्या नेहमीच्या बोलण्यातले होते. जन्मभर तुझ्यासाठी काय काय सोसले, या चालीवरची बोलणी मराठी घरांनाही परकी नाहीत. योगायोग असा की, त्याच मुलीला १९६३ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमातील स्पर्धेत मॅकार्टनीने बक्षीस दिले होते, आणि गाणे रचताना त्याला याची कल्पनाही नव्हती. ‘बीइंग फॉर द बेनिफिट ऑफ मिस्टर काइट’ हे तर १८४३ सालच्या सर्कशीच्या एका जाहिरात-फलकावरून, थोडेफार फेरफार करून, जवळजवळ उतरवून घेतलेले आहे. तो फलक लेननला केंट परगण्यातील जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाला. पोवाडे ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला बातमीचे गाणे होणे नवे वाटू नये.

लेखात हृषीकेशचा उल्लेख आहे, तर त्याविषयीही. १९६८ च्या आरंभी महर्षी महेश योगी यांच्या आश्रमात या दोघांनी पुष्कळ गाणी रचली, हे खरे. पण तिथे लेननला जे हाती लागले त्यात एक अगदी कारागिरीची गोष्ट होती: सोबत आलेला स्कॉटिश गायक डोनोव्हन याने त्याला बोटांनी एकेक तार छेडण्याची पद्धत शिकवली. त्याच पद्धतीवर ‘जूलिया’ उभे आहे. हे गाणे लेननच्या आईविषयी आहे, जी जुलै १९५८ मध्ये मोटारीखाली सापडून गेली. मॅकार्टनीची आई त्याआधीच, ऑक्टोबर १९५६ मध्ये, कर्करोगाने गेली होती. विशीच्या आत आई गमावलेल्या दोन मुलांची ही जोडी होती. आश्रमाने त्या गाण्याला निवांतपणा दिला असेल, दुःख मात्र लिव्हरपूलचे होते.

सगळेच बाहेरून आले असे मी म्हणत नाही. ‘यस्टरडे’ची चाल मॅकार्टनीला झोपेत सुचली आणि ती दुसऱ्या कुणाची तर नाही ना, हे तो कितीतरी दिवस लोकांना विचारत फिरत होता, त्याचे शब्द बरेच नंतर, १९६५ मध्ये पोर्तुगालच्या प्रवासात जमले, तोवर चालीवर तो अंड्यांच्या न्याहारीचे काहीबाही गुणगुणत असे. असा प्रसंग अपवाद म्हणून सांगावा, नियम म्हणून नव्हे.

आपल्या लेखातील तरुण जोड्यांची छायाचित्रे सुंदर आहेत, त्यांच्या गिटारींच्या कंपन्यांची नावेही दिली आहेत. पण त्यांच्या एकाही गाण्याची एकही ओळ छापलेली नाही आणि ती ओळ कुठून आली, हा प्रश्न कुणी विचारलेला दिसत नाही. पुढच्या भागात मुलाखतकाराने प्रत्येक जोडीला एकाच गाण्यावर बोलते करावे, त्यातील रस्ता कोणता, माणूस कोण, कडवे कुणाचे आणि चाल कुणाची, एवढे विचारावे आणि गाण्याचे शब्द सोबत छापावेत, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, ठाणे