मेलेल्या उंदरांची यादी कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रसदरात एका वाचकाने विचारलं होतं की, शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या उंदरांच्या याद्या करण्यात संग्रहालयातल्या तज्ज्ञांनी आयुष्य का घालवावं? जुन्या नोंदवह्या आहेतच, त्या संगणकात चढवल्या की काम संपलं, असंही त्यांनी लिहिलं होतं. पहिल्या प्रश्नाचं मला काही वाटलं नाही. तो मी घरातही ऐकते. पण दुसरं वाक्य वाचून राहवेना, कारण तसंच समजणारे वरिष्ठ मी पाहिले आहेत.

कुठल्याही प्राण्याचं शास्त्रीय नाव शेवटी एका नमुन्याला बांधलेलं असतं. त्याला टाइप म्हणतात. पुढे कधी वाद झाला की हे नाव नेमकं कुठल्या उंदराचं, तर वर्णन कितीही सुंदर असो, निकाल तो नमुना देतो. कृंतकांच्या, म्हणजे उंदीर-खारींसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या, बाबतीत असे वाद फार. सस्तन प्राण्यांच्या दर दहा जातींपैकी साधारण चार याच गणातल्या, आणि त्यातल्या कितीतरी वरून सारख्याच करड्या-तपकिरी. खरी ओळख पटते ती कवटी आणि दाढा पाहून.

अडचण अशी, की एकोणिसाव्या शतकातले लेखक पाच-सहा कातड्या समोर ठेवून नवी जात जाहीर करत आणि त्यातली टाइप कुठली हे बहुधा सांगतच नसत. पुढे कुणीतरी आपल्या अंदाजाने एका चिठ्ठीवर लाल शाईत ‘टाइप’ लिहून ठेवी. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत स्पष्ट म्हटलं आहे की चिठ्ठीवर किंवा वहीत ‘टाइप’ लिहिलेलं असणं हा पुरावा होईलच असं नाही. म्हणजे वही जशीच्या तशी संगणकात चढवली, तर त्या लाल शाईतल्या अंदाजाला आपण जगभर फिरायला मोकळं सोडतो.

एक उदाहरण देते. १८३०-४० च्या सुमाराच्या एका उंदराची कातडी आमच्या खणात होती. पोटात कापूस, मागच्या पायाला चिठ्ठी, चिठ्ठीवर ते लाल अक्षर. कवटी वेगळ्या काचेच्या नळीत. (अशा कातड्यांना त्या काळी कीड लागू नये म्हणून सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, चोळत, त्यामुळे हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही.) मूळ वर्णनासोबत कवटीचं शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेलं, चित्र होतं आणि त्यात उजव्या गालाच्या हाडाची कमान तुटलेली होती. नळीतल्या कवटीच्या दोन्ही कमानी धडधाकट! वहीतला आकडा पुन्हा पाहिला. ७१ की १७? जुन्या वळणातला एक आणि सात यांत फरक करणं म्हणजे डोळ्यांची परीक्षाच. शेजारच्या डबीत, साधा नमुना म्हणून ठेवलेली एक कवटी निघाली. कमान तुटलेली, पण डावी.

दोन दिवस आम्ही त्या डाव्या-उजव्यात अडकलो होतो. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी चहा पिता पिता सहज सांगितलं, की चित्रकाराने दगडावर चित्र सरळ काढलं तर छापल्यावर ते आरशातल्यासारखं उलटं येतं; म्हणजे चित्रातली उजवी कमान ही खरी डावी असू शकते. वर्णनात दाढांच्या रांगेची लांबी ‘लाइन’मध्ये, म्हणजे इंचाच्या बाराव्या भागात दिली होती. तिचे मिलिमीटर करून पाहिले तर ते डबीतल्या कवटीशी जुळले, नळीतल्या नाही. तरीही ‘हाच टाइप’ असं आम्ही लिहिलेलं नाही. लेखकासमोर नमुने अनेक होते, त्यातला चित्रात आलेला हा, एवढंच आम्हाला म्हणता येतं. त्यांतून एक कायमचा निवडायचा की नाही, हे त्या गटाचा अभ्यासक ठरवील.

हे सगळं कशासाठी, याचंही एक उदाहरण देते. ऑस्ट्रेलियातल्या एका उंदराला १८३९ मध्ये इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ वॉटरहाउस यांनी पक्षी-अभ्यासक जॉन गूल्ड यांच्या नावावरून ‘स्यूडोमिस गूल्डाय’ असं नाव दिलं होतं. तो दीडशे वर्षांपूर्वीच नामशेष झाला असं सगळे धरून चालले होते. २०२१ मध्ये संग्रहालयांतल्या जुन्या नमुन्यांचा डीएनए तपासला, तेव्हा पश्चिम ऑस्ट्रेलियालगतच्या बेटांवर जिवंत असलेला शार्क बेचा उंदीर तोच निघाला. जुनं नाव आधीचं, म्हणून आता तेच चालतं. पण नमुना एकाचा आणि चिठ्ठी दुसऱ्याची असेल, तर प्रयोगशाळा कितीही अद्ययावत असो, उत्तर चुकीच्याच उंदराचं मिळणार.

दुसरा धोका उलट बाजूचा आहे. छापील यादी नसली की टाइप हरवला असं कुणीतरी गृहीत धरतो आणि नियमाप्रमाणे त्याच्या जागी दुसरा नमुना नेमतो. मूळ नमुना पुढे कुठल्या खणात सापडला, तर संहितेनुसार मान पुन्हा त्यालाच मिळतो आणि मधल्या काळात झालेलं काम पुन्हा तपासत बसावं लागतं. याद्या प्रसिद्ध कराव्यात अशी शिफारस संहितेने संस्थांना केली आहे, ती उगाच नाही.

म्हणून मागणी संगणकाच्या विरोधात नाही. आधी माणूस द्या, वेळ द्या. प्रत्येक खण उघडून, चिठ्ठीच्या दोन्ही बाजू चुकांसकट जशाच्या तशा उतरवून, कवटीचे वरून, खालून आणि बाजूने मोजपट्टीसह फोटो काढून, मूळ वर्णन शेजारी ठेवून नोंद करायची. शंका असेल तिथे शंका म्हणूनच लिहायची. दिवसाला तीन-चार नमुने झाले तरी आम्ही खूश असतो. अहवालातल्या तक्त्यात हा आकडा केविलवाणा दिसतो, याची मला कल्पना आहे.

त्या कातडीवरची लाल शाईची चिठ्ठी आम्ही काढलेली नाही. जुनी चिठ्ठी कधीच काढायची नसते. तिच्याशेजारी दुसरी बांधली आहे; तिच्यावर तारीख, आद्याक्षरं आणि ‘कवटी शेजारच्या डबीत पाहा’ एवढंच आहे.

आपली,
एका निसर्गविज्ञान संग्रहालयातील नोंद-सहायक