एक नोव्हेंबरचा अर्ज

रॉचेस्टर, न्यू यॉर्क
१४ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारले, "एवढ्या कमी मार्कांवर नातवाने कॉर्नेलसारख्या मोठ्या विद्यापीठात अर्ज कशाला करायचा, आणि तोही सगळ्यांच्या आधी?" तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. सोन्या शेजारच्याच खोलीत होता आणि त्याच्या कानावर पडेल अशी त्याच्या गुणांची चर्चा मला करायची नव्हती. म्हणून हे पत्र लिहिते आहे. दादाच्या फोनवर पाठवते, तो मोठ्या अक्षरांत छापून तुम्हाला देईल.

आधी गुणांविषयी. इथे चारपैकी सरासरी काढतात. सोन्याची नववीची सरासरी ३.१, दहावीची २.८ आणि अकरावीची ३.७, म्हणजे तिन्ही वर्षांची मिळून ३.२ होते. कॉर्नेल विद्यापीठात शंभर अर्जांमागे आठ-नऊ जणांनाच प्रवेश मिळतो आणि त्यांतल्या बहुतेकांचे गुण याच्या खूप वर असतात. दहावीच्या मध्यावर आम्ही टेक्सास सोडून इथे आलो आणि त्याची शाळा बदलली, हे खरे आहे. पण अर्जात जादा खुलासा करण्यासाठी जी जागा असते, तिथे त्याने स्थलांतराबद्दल एकच वाक्य लिहिले आहे, आणि त्याखाली लिहिले आहे की त्या वर्षी आपण अभ्यास केला नाही. ते दुसरे वाक्य काढून टाक, असे मी त्याला दोनदा सांगितले. त्याने ते काढले नाही, आणि आता मलाही वाटते की ते तिथे असायलाच हवे.

लवकरच्या अर्जाला इथे 'अर्ली डिसिजन' म्हणतात. असा अर्ज एकाच विद्यापीठाकडे करता येतो. कॉर्नेलची मुदत १ नोव्हेंबर आहे. विद्यार्थी, पालक आणि शाळेतल्या समुपदेशक अशा तिघांना सही करून द्यावी लागते की प्रवेश मिळाला तर मुलगा तिथेच जाईल आणि बाकीचे सगळे अर्ज मागे घेईल. या फेरीत निवड होणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या फेरीपेक्षा जास्त असते म्हणून अनेक जण ती सोपी वाट समजतात, परंतु त्या आकड्यांत खेळासाठी आधीच हेरून ठेवलेली मुलेही मोजलेली असतात, त्यामुळे तो सगळा फायदा आपल्या सोन्याच्या पदरात पडेल असे समजण्याचे कारण नाही. उलट एक तोटाच आहे: ज्याचे गुण वर्षागणिक चढत आहेत त्याच्या बारावीच्या पहिल्या सहामाहीचा निकाल हाती येण्याआधीच त्याचा अर्ज वाचला जातो. समुपदेशक बाईंनी हे आम्हाला स्पष्ट सांगितले. सोन्याच्या बाबांचे मतही जानेवारीतल्या नेहमीच्या फेरीपर्यंत थांबावे असेच होते, आणि दोन आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

तरीही आम्ही हो म्हटले, त्याचे कारण तासगावच्या आपल्या द्राक्षबागेत आहे. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये बाबा त्याला काडी तपासणीला घेऊन गेले होते, ते आठवत असेल. तिथल्या माणसाने वेलीच्या काडीवरचा डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, ब्लेडने उभा चिरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. एप्रिलच्या छाटणीनंतर तयार झालेला आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बाहेर येणारा घड त्या वाटाण्याहून लहान डोळ्यात आधीच बसलेला त्याने पाहिला. घरी आल्यावर तो रात्री अकरापर्यंत बाबांना विचारत होता की कोणत्या डोळ्यात घड होता, कोणत्यात नव्हता, आणि नसला तर तो कशामुळे नसतो. ज्या मुलाच्या दप्तरातून गृहपाठ ओढून काढावा लागत असे, त्याने इथे परतल्यावर वनस्पतिशास्त्राची पुस्तके ग्रंथालयातून आपणहून आणली. अकरावीचे ३.७ तिथून आले आहेत, कोणत्याही शिकवणीतून नव्हे.

इथून तासाभराच्या अंतरावर जिनिव्हा नावाचे गाव आहे, आणि तिथे कॉर्नेलचे कृषी संशोधन केंद्र १८८२ पासून चालू आहे. द्राक्षाच्या नव्या जाती, ज्यांवर कलम बांधतात ते खुंट, डाऊनी आणि भुरी हे रोग, या सगळ्यांवर तिथे काम होते. या उन्हाळ्यात सोन्याने सेनेका तलावाच्या काठच्या एका बागेत तारेवर वेल बांधण्याचे काम केले, आणि सुट्टीच्या दिवशी तो त्या केंद्राच्या आवारात नुसता फिरून यायचा. बाबा, आपल्या वेली ज्या डॉगरिज खुंटावर उभ्या आहेत तो मूळचा टेक्सासच्या रानद्राक्षांतला, हे मला त्याच्याकडून कळले. आई, कॉर्नेलच्या कृषी शाखेतल्या ज्या अभ्यासक्रमासाठी तो अर्ज करतो आहे, त्याच्या नावात वाइन आहे म्हणून तू काळजी करू नकोस. त्याचे सगळे लक्ष वेलीच्या रोगांकडे आहे.

बाबा, आणखी एक गोष्ट लिहिते, ती तक्रार म्हणून वाचू नका. बारावीनंतर पुण्याच्या महाविद्यालयाचा फॉर्म मी आणला होता. मार्क बघता तिथे नंबर लागणार नाही, उगाच हसे होईल, असे तुम्ही म्हणालात, आणि त्या वर्षी अवकाळीने बाग गेली होती, तुमच्या डोक्याला ताप कमी नव्हता. तो फॉर्म भरलाच गेला नाही. औषधांच्या पावत्यांसोबत तो तुमच्या टेबलाच्या खणात कितीतरी वर्षे होता, मी सुट्टीला यायचे तेव्हा मला दिसायचा. मला प्रवेश मिळाला नसताच, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. पण नकार त्यांनी द्यायचा होता, तो आपण घरातच देऊन टाकला. सोन्याच्या बाबतीत मला तसे करायचे नाही.

पैशांची काळजी नको. कृषी शाखा राज्याच्या मदतीवर चालते, म्हणून न्यू यॉर्कच्या रहिवाशांना तिथले शुल्क विद्यापीठाच्या खासगी शाखांच्या सुमारे दोन-तृतीयांश पडते. मिळणारी आर्थिक मदत अगदीच अपुरी ठरली, तर दिलेल्या वचनातून मोकळे होण्याचीही सोय आहे. ओढ्याकडचा अर्धा एकर विकायचा विचार बाबांनी आईजवळ बोलून दाखवला, असे दादाने सांगितले. कृपा करून तसे काही करू नका.

डिसेंबरच्या मध्यावर उत्तर येईल. ते होकार असेल, नकार असेल, किंवा अर्ज पुढच्या फेरीत ढकलला जाईल. तसे झाले तर बारावीच्या सहामाहीचे गुण पाठवता येतील आणि आपण बांधलेलेही राहणार नाही. मी मनाची तयारी नकाराचीच ठेवली आहे. नकार आला तर जवळच फिंगर लेक्स कम्युनिटी कॉलेज आहे, तिथे द्राक्षशेतीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि तिथे चांगले गुण मिळवून मग कॉर्नेलच्या कृषी शाखेत बदली मागता येते. ती माहिती सोन्याने स्वतः काढली आहे आणि कागद टेबलावर लावून ठेवला आहे.

तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. निकाल येईपर्यंत भावकीत आणि सोसायटीत हा विषय काढू नका. आणि दिवाळीच्या फोनवर त्याला गुण विचारू नका, यंदाच्या छाटणीचे विचारा, तो त्याचीच वाट पाहतो आहे.

मागच्या वर्षीच्या काडी तपासणीचा अहवाल घरात सापडला तर दादाला त्याचा फोटो पाठवायला सांगा. निबंधात त्याने लिहिले आहे की दहा डोळ्यांपैकी सातांत घड होते. तो आकडा बरोबर आहे ना, हे त्याला अर्ज पाठवण्याआधी तपासून घ्यायचे आहे.

आईने गुडघ्याचे औषध वेळेवर घ्यावे.

तुमची,
ताई