नवरीचं व्हेल शेवटी का उरतं?

संपादक महोदय,

लग्नाच्या गाऊनवर तुमच्या पुरवणीत पानंच्या पानं येतात पण व्हेलवर, म्हणजे नवरीच्या डोक्यावरून पाठीवर सोडतात त्या जाळीदार ओढणीवर, दोन ओळी पण नाही, म्हणून लिहितेय. माझ्या बहिणीच्या वेळी गाऊन आधी फायनल झाला आणि व्हेल आम्ही घाईत घेतलं, दुकानातल्या पिवळ्या लाइटमधे दोन्ही सेम वाटलं, बाहेर उन्हात बघितलं तर गाऊन आयव्हरी, म्हणजे जरा पिवळसर पांढरा, आणि व्हेल पांढरंशुभ्र, आणि त्यामुळे चांगला गाऊन मळका दिसायला लागला हो! तेव्हा गाऊनच्या कापडाचा तुकडा सोबत न्या आणि उजेडातच बघा. गाऊनवर मणी, लेस भरपूर असेल तर साधं नेट घ्या, काम झाकलं जाणार नाही. गाऊन प्लेन असेल तर मग लेसची किनार हौसेने घ्या. लांबीचं पण तसंच, पाठीवर सुंदर काम आहे आणि व्हेल नेमकं त्याच्या मधेच संपतंय तर नजर तिथेच अडकते. सिल्कचं नेट मऊ पडतं, नायलॉनचं जरा फुगून उभं राहतं. आणि हेअरस्टाइल करूनच ट्राय करा प्लीज, लांब व्हेलचं सगळं वजन केसात खोचायच्या त्या एवढ्याशा कंगव्यावर येतं.

आपली,
एक वाचक