मिरकरवाड्याच्या जेट्टीवरच्या त्या माणसांना, मनापासून थँक्यू

नावं माहीत नाहीत म्हणून इथेच लिहितेय. माझा भाचा, वय 16, घरातली रोजची भांडणं आणि मार सहन होईना म्हणून गणपतीनंतर निघाला तो थेट रत्नागिरीत जेट्टीवर, आठ रात्री जाळ्यांच्या ढिगाआड झोपला आणि आम्ही समजतोय की मित्राकडे असेल. उशाला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं दहावीचं मार्कशीट, तेवढं मात्र भिजू दिलं नाही पोराने.

कोळंबी सोलायला बसणाऱ्या मावशींनी पहिल्या दिवशी काही न विचारता भाकरी आणि बांगड्याचं तिखलं पुढे केलं, नाव विचारलं ते तिसऱ्या दिवशी. आधीच चौकशी केली असती ना, तर तो तिथूनही पळाला असता. खलाशी म्हणून घ्या असं मागे लागला तरी तांडेल दादांनी, म्हणजे बोटीच्या प्रमुखांनी, बोटीवर घेतलं नाही, लहान आहेस म्हणाले, पण रात्री पावसात केबिन उघडून दिली. रिक्षावाल्या दादांनी त्याला विचारून 1098 ला, म्हणजे अडचणीतल्या मुलांसाठीच्या चाइल्डलाइनला फोन लावला, हा नंबर फुकट आहे, 24 तास चालतो, प्लीज सेव्ह करा.

बाल कल्याण समितीसमोर ज्या मॅडमनी त्याला एकट्याला बसवून घरी जायचंय का विचारलं आणि नाही म्हटल्यावर ऐकलंसुद्धा, त्यांचे तर पाय धरावेसे वाटतात. लोक अशा पोरांना उनाड म्हणतात, पण हौसेने कोण झोपतं हो जेट्टीवर?

आता तो माझ्याकडे आहे. मावशी, तुमचा स्टीलचा डबा राहिलाय, रविवारी दोघं येतोय.